दाढ भरली, डोकं धरलं

हे वाचताय ना, मग एक करा. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं कानशिलांवर ठेवा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून थोडं मागे, जिथे केस सुरू होतात तिथे. आता दात जोरात आवळा. सोडा. पुन्हा आवळा. बोटांखाली काहीतरी फुगल्यासारखं लागलं? (लेक्चर चालू असेल तर जरा जपून. सरांना वाटेल, तुम्ही त्यांच्याच मुद्द्यावर फार खोल विचार करताय.)

बोटांखाली जो हलला तो चावण्याचा स्नायू. हो, चावण्याचाच. टेम्पोरॅलिस त्याचं नाव. कानशिलावर तो पंख्यासारखा पसरलेला असतो आणि त्याचं खालचं टोक थेट खालच्या जबड्याला जोडलेलं असतं. म्हणजे 'डोकं दुखतंय' म्हणत आपण जिथे बाम चोळतो, त्यातला बराचसा इलाका खरं तर जबड्याच्या मालकीचा आहे.

एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे. कारण हा लेख त्या लोकांसाठी आहे ज्यांनी सुट्टीत घरच्यांच्या आग्रहाखातर किडलेली दाढ भरून घेतली, दात एकदम ओके झाला आणि दोन दिवसांनी डोकं दुखायला लागलं. मग रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधाशोध. दहा मिनिटांत माणूस ब्रेन ट्यूमरपर्यंत पोचतो. दाढेपर्यंत मात्र पोचत नाही, कारण दाढ तर 'झाली' ना!

दाढ भरल्यावर डोकं दुखणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. डोकेदुखीच्या प्रकारांचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्याची तिसरी आवृत्ती 2018 मध्ये आली. त्यात दातांच्या विकारामुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. बहुतेक वेळा हे दुखणं साधं असतं आणि थोड्या दिवसांत जातं. पण काही वेळा ते साधं असूनही जात नाही. ते का, हे कळलं तर महिनाभराचा त्रास पाच मिनिटांत संपू शकतो.

भातातला खडा

माझ्या हॉस्टेलच्या रूममेटचं सांगते. तिने एका शनिवारी उजवीकडची खालची दाढ भरून घेतली. मंगळवारी उजवं कानशील दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या जास्त, दुपारी जरा बरं, रात्री अभ्यासाला बसलं की पुन्हा. आधी तिने दोष दिला मेसच्या चहाला. मग झोपेला. मग चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळे तपासून आली. नंबर जिथल्या तिथे. रोज एक गोळी चालूच. असे अठरा दिवस गेले.

शेवटी निदान केलं तिच्या आईने, तेही फोनवर. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तू त्या बाजूने जेवतेस का गं?"

ती विचारात पडली. नाही जेवत. दाढ भरल्यापासून ती सगळं डाव्या बाजूने चावत होती आणि हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. उजवीकडे चावलं की ती भरलेली दाढ बाकीच्यांच्या आधी टेकायची.

दाताच्या डॉक्टरांकडे याला सरळ शब्द आहे, फिलिंग 'हाय' झालंय. म्हणजे उंच. किती उंच? इथेच गंमत आहे. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. आपल्या दातांना त्याहूनही बारीक फरक कळतो. भातात एवढासा खडा आला तर काय होतं ते आठवा. दिसत नाही, पण दाताखाली येताच अख्खं तोंड थांबतं. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट नसतो. बारीक तंतूंच्या जाळीत तो टांगलेला असतो आणि त्या तंतूंमध्ये दाब ओळखणारे चेतातंतूंचे शेंडे असतात. भातातला खडा थुंकता येतो. दाढेवरचा 'खडा' चोवीस तास तिथेच. गिळताना, बोलताना, झोपेत, प्रत्येक वेळी तोच दात आधी लागणार. मग जबडा आपोआप वाट बदलतो, थोडा तिरका मिटतो, एका बाजूचे स्नायू जास्त राबतात. आणि ते स्नायू कुठे आहेत, हे तुम्ही आत्ताच बोटांनी बघितलंत.

'मग डॉक्टरांना तेव्हाच का नाही कळलं?' असा प्रश्न पडेल. ते तपासतात. फिलिंग झाल्यावर तुमच्या दातांमध्ये निळा किंवा लाल कागद धरून 'चावा, घासा' म्हणतात ना, ते त्यासाठीच. जिथे जास्त दाब पडतो तिथे गडद ठिपका उमटतो आणि तेवढं घासून कमी करतात. पण त्या वेळी तुमचा अर्धा जबडा बधिर असतो. 'आता बरोबर लागतंय का?' असं विचारलं तर तुम्ही काय सांगणार? ओठ आहे की नाही हेच कळत नसतं! शिवाय खुर्चीत आडवं झोपून जबडा जसा मिटतो आणि उठून बसल्यावर जसा मिटतो, त्यात थोडा फरक पडतो. म्हणून कधीकधी खरा निकाल भूल उतरल्यावर, पहिल्या पोळीच्या घासालाच लागतो. यात कुणी हलगर्जीपणा केला असंच काही नाही. शिंप्याकडचं ब्लाउज नाही का एकदा घालून बघितल्यावर पुन्हा थोडं उसवावं लागतं!

माझी रूममेट अठरा दिवस गेली नाही, त्याचं कारण तिने नंतर सांगितलं. "आपण डॉक्टरांच्या कामात खुसपट काढतोय असं वाटलं असतं. आणि परत पैसे घेतले असते तर?" हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण हेच वाक्य मी आणखी दोघांकडून ऐकलंय. तर, पैशांचं आधी. भरलेली दाढ घासून सारखी करायला बहुतेक दवाखान्यांत वेगळे पैसे घेत नाहीत. फोन करून आधी विचारा, त्यात लाज कसली? आणि खुसपटाचं म्हणाल तर डॉक्टरांनाही हे ऐकायची सवय असते. तिचं काम पाच मिनिटांत झालं. निळा कागद, एक ठिपका, थोडी घरघर. डोकं त्याच दिवशी थांबलं नाही हं. स्नायू दमलेले होते, ते निवायला तीन-चार दिवस लागले.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

स्नायू हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता तारांचा आहे.

कपाळ, डोळे, गाल, नाकातल्या पोकळ्या, वरचे दात, खालचे दात, जबडा, इतकंच काय तर मेंदूवरच्या आवरणाचा मोठा भाग, या सगळ्यांच्या वेदना वाहून नेणारी मुख्य नस एकच. ट्रायजेमिनल नर्व्ह. नावाप्रमाणे तिच्या तीन शाखा. एक कपाळाकडे, एक वरच्या जबड्याकडे, एक खालच्या. (मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यात वेदना ओळखणारे तंतूच नाहीत. दुखतं ते आवरणाला आणि रक्तवाहिन्यांना.) या तिन्ही वाटांनी आलेले निरोप मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी जमा होतात. एका खिडकीवर तीन गावांची टपालं आली की कधीकधी पत्ता चुकतोच. दाढ ओरडते आणि मेंदू म्हणतो, कानशील दुखतंय. खालच्या दाढेचं दुखणं कानात जाणं तर इतकं नेहमीचं आहे की लोक आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येतात.

यातून एक उपयोगी गोष्ट मिळते. या तारा सहसा मधली रेषा ओलांडत नाहीत. म्हणजे दाढ डावीकडची भरली आणि फक्त उजवं कानशील ठणकतंय, तर दाढेवर लगेच आळ घेऊ नका. दाताचं दुखणं बहुधा आपल्याच बाजूला वर-खाली फिरतं.

उलटंही होतं. नाकाच्या बाजूला गालाच्या हाडात जी पोकळी असते, तिच्या तळाशी वरच्या दाढांची मुळं अगदी लागून असतात. सर्दीने ती पोकळी भरली की वरच्या सगळ्या दाढा एकदम दुखल्यासारख्या वाटतात. खाली वाकलं, बुटाची लेस बांधली की गाल आणि कपाळ जड होतं. असं असेल आणि नुकतीच सर्दी झाली असेल, तर बिचाऱ्या नव्या फिलिंगचा त्यात काही संबंध नसू शकतो.

आतली खोली

आता जरा गंभीर भाग. दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आत एक छोटी खोली असते. त्यात नस आणि रक्तवाहिन्या, म्हणजे पल्प. कीड खोल गेली असेल तर ती काढताना डॉक्टर या खोलीच्या भिंतीपर्यंत पोचलेले असतात. ड्रिलची उष्णता, कंप, भरायचं साहित्य, ते निळ्या उजेडाने कडक होताना थोडं आकसणं, या सगळ्याने आतली मंडळी चिडतात. दाताच्या भिंतीत अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. थंड पाणी लागलं की तो द्रव सरकतो आणि आतली नस दचकते. ही कल्पना 1960 च्या दशकात ब्रॅनस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकाने प्रयोगांनी पुढे आणली, आजही तीच शिकवली जाते. म्हणून नवीन फिलिंगनंतर काही दिवस आइस्क्रीमने सणक जाणं स्वाभाविक आहे. ती दोन-चार सेकंदांत ओसरते आणि दर आठवड्याला थोडी कमी होते. असं होत असेल तर आतली नस सावरतेय.

काळजी कधी करायची? थंड लागलं आणि कळ अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळली. गरम चहाने ठणका उठला. काहीही न खाता-पिता आपोआप दुखायला लागलं. आणि सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे आडवं पडलं की वाढतं, उठून बसलं की जरा बरं. त्याचं कारण सोपं आहे. दातातल्या खोलीच्या भिंती हलत नाहीत. गणपतीत वन-आरकेमध्ये अकरा पाहुणे आल्यावर जे होतं, तेच आतल्या सुजेचं होतं, पसरायला जागाच नाही. आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि चेंगराचेंगरी आणखी वाढते. अशा वेळी ती नस बहुधा परत बरी होत नाही आणि रूट कॅनलचा विषय निघतो. इथे थांबून काही मिळत नाही. उलट काही दिवसांनी दुखणं अचानक थांबलं तर 'बरं झालं' म्हणू नका. नस मेली की दुखणं थांबतं, जंतुसंसर्ग मात्र मुळाखाली चालूच राहतो.

बाकीची कारणं भराभर सांगते. उपाशीपोटी दवाखान्यात जाणं, हे आपल्याकडे फार. 'नंतर खाता येणार नाही' हे खरं, पण आधी खाऊन जायला कुणी अडवलंय? दुसरं, पाऊण तास 'आ' करून बसणं. जबड्याचा असा व्यायाम एरवी होतो कुठे? तिसरं, भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा लिग्नोकेनसोबत थोडं अॅड्रेनालिन असतं. त्याने काही जणांची छाती थोडा वेळ धडधडते. तुम्हाला आधीपासून मायग्रेन असेल तर ही धावपळ, भूक, ताण आणि तो लखलखीत दिवा, एवढं निमित्त पुरतं. हे सगळं एक-दोन दिवसांत निवळायला हवं.

आणि एक कारण खास आपलं, परीक्षावाल्यांचं. रागाने दात-ओठ खाणं वेगळं आणि झोपेत दात खाणं वेगळं. लहान मुलं झोपेत दात खातात तेव्हा घरातले म्हणतात, पोटात जंत झालेत. मोठ्यांमध्ये मात्र ताणाचा त्याच्याशी जवळचा संबंध दिसतो. सबमिशनच्या आठवड्यात सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला आणि कानशिलं दुखरी असतील तर रूममेटला विचारा, रात्री कर्रकर्र आवाज येतो का. अशा माणसाची दाढ जराशीही उंच भरली गेली तर त्रास दुप्पट. दिवसाही बघा, लॅपटॉपवर काम करताना दात एकमेकांवर टेकलेले असतात का? खरं तर जेवण आणि गिळणं सोडून ते टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. आत्ता वाचताना कसे आहेत?

गोळ्यांचा हिशेब

आपल्या वयात सगळ्यांकडे बॅगेत एक पत्ता असतोच. एक-दोन दिवस पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. पण सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा तेच असतं, हे विसरून डबल डोस होतो. निरोगी मोठ्या माणसासाठी 24 तासांत 4 ग्रॅम ही अगदी वरची मर्यादा आहे, म्हणजे 500 च्या आठ गोळ्या. तिथपर्यंत जायची वेळच येऊ नये. आयब्युप्रोफेन रिकाम्या पोटी नको. आणि पावसाळ्यात अंगात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल, तर ते अजिबात नको, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या 'होत्या म्हणून' घेणं तर निव्वळ वेडेपणा. उंच झालेलं फिलिंग अँटिबायोटिकने खाली बसत नाही.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. डोकेदुखीची साधी गोळी महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली तर ती गोळीच डोकेदुखीचं कारण बनू शकते. याला वैद्यकात रीतसर नाव आणि निकष आहेत. 'रोज एकच तर घेते' म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर काढून मोजावं.

लवंग? दाढेखाली लवंग धरायचा आजीचा उपाय निराधार नाही. तिच्यातलं युजेनॉल खरंच थोडं बधिर करतं. दाताच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो, त्यातही तेच असतं, कारण तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते वापरतात. पण ती गोळी दाढेच्या कळेवर. कानशिलाच्या स्नायूवर लवंगेचा काय इलाज चालणार? आणि हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी ठेवायचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. हिरडी भाजते.

आता काही खुणा अशा, ज्या दिसल्या की दाताच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. गाल किंवा जबड्याखाली सूज वाढतेय, ताप आहे, तोंड दोन बोटंही उघडत नाही, गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय, डोळ्याभोवती सूज आलीय. किंवा डोकेदुखी अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी, सोबत उलट्या, मान आखडणं, दिसण्यात-बोलण्यात फरक. सरळ हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. हे क्वचित होतं. पण होतं तेव्हा तास महत्त्वाचे असतात.

परत जाताना

हे काही नसेल आणि चार-पाच दिवसांनीही डोकं दुखतच असेल, तर जिथे दाढ भरली तिथेच परत जा. जाताना नुसतं 'डोकं दुखतंय' असं सांगू नका, कारण त्यावरून कुणालाच फार काही कळत नाही. दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी, त्याच बाजूला की दोन्हीकडे, भरलेला दात बाकीच्यांच्या आधी लागतो का, थंडाची कळ किती सेकंद राहते, हे आदल्या दिवशी बघून ठेवा. आणखी एक. चावताना दुखतं की चावून सोडताना? सोडताना चटका बसत असेल तर दाताला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि तो एक्स-रेवर दिसेलच असं नाही. त्यामुळे ही गोष्ट तुम्हीच सांगायला हवी.

जिथे भरली तिथे जायचंच नसेल, गाव लांब असेल किंवा खिशात पैसे नसतील, तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीला. केसपेपर काढा, रांगेत बसा, सोबत डबा आणि चार्जर ठेवा. वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते. तुम्हाला तपासणारा बहुधा तुमच्याच वयाचा विद्यार्थी असेल, मागे सर किंवा मॅडम उभ्या असतील, आणि त्याला तुमच्यापेक्षा जास्त टेन्शन असेल, कारण त्याला तेवढे पेशंट पूर्ण करायचे असतात आणि वर व्हायवाही असतो.

तो निळा कागद दातांत धरून 'आता सारखं लागतंय?' असं विचारेल. घाईने 'हो' म्हणू नका. खुर्ची सरळ करायला सांगा, उठून नीट बसा, दोन-तीनदा दात टेकवून बघा, दोन्ही बाजूंनी घासून बघा. आणि अजून लागत असेल तर सांगा, 'अजून थोडं'.